प्रमुखांना घातलेली टोपी

टोपीवाल्याने शिडीवर चढून दुकानावर नवी पाटी ठोकली आणि खाली येऊन स्वतःच खूश होत मान डोलावली. गेल्या आठवड्यात देशाचे प्रमुख दौऱ्यावर असताना उन्हाने हैराण होऊन त्याच्या दुकानात शिरले होते. त्याने स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर टोपी बसवली होती. दुकानाला टाळं लावायची वेळ आलेली असताना असं भाग्य उजळलं, तर माणूस गप्प कसा बसेल? त्याने लिहिलं, ‘देशाच्या प्रमुखांना आम्ही टोपी घातली. आता तुमची पाळी!’

येणारे-जाणारे पोट धरून हसू लागले. बायको धावत बाहेर आली.

“अहो, हे काय लिहून ठेवलंत?”

“का? घातली नाही का मी टोपी?”

जन्मभर टोप्या शिवलेल्या त्या भल्या माणसाला टोपी म्हणजे फक्त टोपीच दिसत होती, त्याला कोण काय करणार! दुपारी प्रतिष्ठा खात्याचा अधिकारी येऊन थडकला.

“प्रमुखांची टोपी उडवता?”

“उडवली नाही हो साहेब, चांगली घट्ट बसवून दिली!”

“मजकूर बदला. नाहीतर दुकानाला सील ठोकतो.”

टोपीवाल्याने हात जोडले. “तुम्हीच सांगा, काय लिहू?”

अधिकाऱ्याने विचार करून मजकूर सांगितला आणि पुन्हा घोळ नको म्हणून खाली स्वतःची सहीही केली. ‘आम्ही प्रमुखांना टोपी घातलेली नाही. टोपी प्रमुख स्वतःच घालतात.’

आता मात्र रस्ताच बंद पडला. गर्दीतून वाट काढत खात्याचे मोठे साहेब आले. पाटी वाचून ते लालबुंद झाले.

“कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

“या साहेबांच्या,” टोपीवाला अधिकाऱ्याकडे बोट दाखवत नम्रपणे म्हणाला. “सहीपण आहे.”

“आधी तो टोपी शब्द पुसा! दोन्हीकडचा!”

शब्द पुसले. साहेब आत पाणी प्यायला वळले, तेवढ्यात कुणीतरी खडूने मोकळ्या जागा भरल्या. ‘आम्ही प्रमुखांना भीक घातलेली नाही. घोळ प्रमुख स्वतःच घालतात.’

“सील करा दुकान!” मोठे साहेब ओरडले.

“करतो, पण कारण काय लिहू?” अधिकारी कुजबुजला. “मजकूर माझा, आणि शब्द पुसायचा हुकूम आपला.”

मोठे साहेब मटकन स्टुलावर बसले. बाहेर लोक मोबाइल उगारून उभे होते.

“मागचं दार आहे का हो?”

“नाही साहेब.”

“मग तोंड झाकेल असं काहीतरी द्या. लवकर!”

टोपीवाल्याने बाहेर पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि दुपारपासून पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. त्याने फळीच्या मागून वर्षानुवर्षं न खपलेल्या, कसर लागलेल्या दोन टोप्या काढल्या, झटकल्या आणि दोघांना कानापर्यंत ओढून बसवल्या. दोघे उपकार मानत, खाली माना घालून गर्दीत घुसले.

बायको पदर तोंडाला लावून म्हणाली, “अहो, हे मात्र पाटीवर लिहू नका हं.”