सिंधूताईंचा चेहरा आणि पुष्पाबाईंचा पुठ्ठा

फोटो म्हणजे काय, हे मेहकर तालुक्यात माझ्याइतकं कुणालाच कळत नाही! हे मीच म्हणतो, कारण दुसरं कुणी म्हणत नाही.

डोणगावात माझा कम्प्युटर क्लास आहे. नवीन बॅच आली की पहिल्या दिवशी मी एका लग्नाचा फोटो उघडतो आणि मोठा करत नेतो. मोठा, आणखी मोठा! आधी नवरीचं नाक दिसतं, मग नथ, मग नथीतला मोती आणि शेवटी नुसते चौकोन. एकरंगी, फरशी बसवल्यासारखे. "पाहा!" मी ओरडतो. "नवरी नाही, मोती नाही. नुसते ठिपके! अन् फाइलमध्ये तर ठिपकेबी नाहीत. नुसते आकडे!" दर वर्षी हे बोलतो आणि दर वर्षी माझ्याच अंगावर काटा येतो. पोरांच्या येत नाही. पोरं विचारतात, "सर, नेट कधी चालू होईन?"

तर यंदा आमच्या गावच्या सिंधूताई निवृत्त झाल्या. उपकेंद्रातल्या नर्सबाई. आजूबाजूच्या वस्त्यांतली निम्मी जनता त्यांच्याच हातावर जन्मली. मलाही पायाला धरून उलटं करून पाठीवर पहिला रट्टा त्यांनीच दिला. तेव्हापासून त्या समोर आल्या की माझी पाठ आपोआप ताठ होते!

निरोप समारंभाची बैठक बसली. कुणी म्हणालं शाल-नारळ, कुणी म्हणालं भिंतीवरचं घड्याळ. मी उभा राहिलो.

"शाल-घड्याळ कोणीबी देते. आपण ताईचा चेहरा करू! ज्याले ताईनं जन्माले आणलं अन् जिचं बाळंतपण ताईनं केलं, ते सारे शाळेच्या मैदानात बसतीन. एक माणूस, एक ठिपका. सागर वरून ड्रोन उडवीन, अन् ताई मंचावर बसून टीव्हीवर आपलं तोंड पाहतीन!"

बैठक गार झाली. सागर हा आमचा लग्नाचे फोटो काढणारा. तो तर टाळ्याच वाजवायला लागला. माझी बायको पूनम तेवढी हळूच म्हणाली, "अहो, इथं माणसं सरळ रांगेत राशन घेत नाहीत. ठिपके होतीन का?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. थोर माणसांना हे करावंच लागतं.

पुठ्ठे आणले. एक बाजू पांढरी, एक काळी. त्यावर पुष्पाबाई कडाडल्या, "चांगल्या कामात काया रंग? माह्यानं नाई धरल्या जात!" पुष्पाबाई म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्ष. त्या नाही म्हणाल्या की गाव नाही म्हणतं. काळ्याचा निळा केला.

पहिल्या तालमीला पाचशेच्या वर माणसं बसली. चोवीस रांगा, रांगेत चोवीस जण. मी माइक हातात घेतला आणि कम्प्युटरची सगळ्यात भोळी फाइल जशी चित्र साठवते, तसं सांगायला लागलो. "रांग पहिली. पहिला पांढरा. दुसरा पांढरा. तिसरा पांढरा. चौथा पांढरा…"

चौथ्या रांगेपर्यंत माझा घसा बसला आणि पहिल्या रांगेचे हात खाली आले. या सुरुवातीच्या रांगांत ताईंचे केस होते. म्हणजे कपाळ येईपर्यंत ताईंना टक्कल पडत होतं! मंडळी, या फाइलमध्ये काही चूक नसते. एकेक ठिपका इमानेइतबारे लिहिलेला असतो. पण वजनाला म्हैस!

दुसऱ्या दिवशी मी फाइल आवळली. सारखे ठिपके एकेक करून कशाला सांगायचे? "पहिले सात पांढरे, पुढचे दहा निळे, बाकीचे सारे पांढरे!" एका दमात एक रांग! मैदानावर सटासट पुठ्ठे वळले. मी छाती फुगवली आणि तेवढ्यात एक बाई रडणाऱ्या लेकराला घेऊन उठून गेली. पुढच्या माणसानं स्वतःला तिचा नंबर लावला, त्याच्या पुढच्यानं त्याचा. अख्खी रांग एक घर सरकली. नाक कानाला भेटायला निघालं!

"सर, हे ताई नाहीत," ड्रोनच्या पडद्यात पाहत सागर म्हणाला. "हे कोणीतरी दातदुखीवालं हाये."

मी घरी येऊन चहा घेत बसलो आणि मला आठवली पीएनजी! ही एक फाइल अशी हुशार असते की ठिपक्याचा रंग सांगतच नाही. शेजाऱ्यापेक्षा काय वेगळं आहे, एवढंच सांगते. शेजाऱ्यासारखंच असेल तर बोलायचं कामच नाही. जगातली निम्मी चित्रं अशी मुकाट शेजारधर्मावर उभी आहेत, बघा! मला राहवेना. मी पूनमला ओरडून सांगितलं, "प्रत्येकानं डाव्या हाताच्या शेजाऱ्याकडे पाहायचं! पुठ्ठ्यावर लाल टिकली असली तर त्याच्या उलटा रंग धरायचा. नसली तर त्याचाच! अख्ख्या रांगेले चार टिकल्या, बस! कोणाले काही मोजायचं नाही, मले ओरडायचं नाही!"

पूनम म्हणाली, "अन् शेजाऱ्याशी पटत नसलं तर?"

"ठिपक्याचं भांडण नसते पूनम!"

तिसऱ्या तालमीला मी फक्त शिटी वाजवली. रांगांच्या डाव्या टोकाच्या लोकांनी पांढरा धरला आणि वाऱ्यानं गव्हाचं शेत हलावं तसे पुठ्ठे डावीकडून उजवीकडे वळत गेले. सागरच्या हातातल्या पडद्यावर आधी केस उगवले. मग कपाळ मोकळं झालं. मग तो जाड चष्मा! मग नाक, आणि "सुई दिऊ का?" असं विचारणारे ते आवळलेले ओठ! मैदानातल्या कुणालाच ते दिसत नव्हतं. प्रत्येकाला दिसत होता फक्त शेजाऱ्याचा पुठ्ठा. आणि त्यातून ताई आल्या होत्या!

माझी पाठ ताठ झाली होती.

मग समारंभाचा दिवस उजाडला. मंडप, रांगोळ्या, मंचावर मोठा टीव्ही आणि त्याच्यासमोर खुर्चीत सिंधूताई. त्यांना काहीच माहीत नव्हतं. त्या मला म्हणत होत्या, "हर्षल, एवढे लोकं उन्हात काऊन बसवले बे? चक्कर येऊन पडले तर मलेच पाहा लागीन ना!"

पुष्पाबाई उशिरा आल्या, पैठणी नेसून. त्यांची जागा उन्हात होती. "मले तिथं बसवत नाई," म्हणाल्या आणि चष्म्याच्या खालच्या रांगेत, निंबाच्या सावलीत एक जागा रिकामी होती तिथे जाऊन बसल्या. हरकत नव्हती. त्यांच्या जागेवर मी दुसऱ्या बाईला बसवलं. पुठ्ठे जागेवरच ठेवलेले होते. माणूस कुणीही चालतो!

पण मी डावीकडे पाहिलं नाही. डावीकडे बसली होती राखी, त्यांची धाकटी जाऊ. एका मिक्सरच्या भांड्यावरून या दोघींनी कित्येक वर्षांत एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं!

मी शिटी वाजवली. पुठ्ठे वळत निघाले. केस आले, कपाळ आलं, चष्मा आला. टीव्हीसमोर ताई पुढे वाकल्या. राखीनं पांढरा धरला. पुष्पाबाईंच्या पुठ्ठ्यावर टिकली नव्हती. राखीसारखाच पांढरा, एवढंच करायचं होतं. पुष्पाबाईंनी मान उजवीकडे ठेवली, नाक वर केलं आणि ठणठणीत निळा धरला!

त्यांच्या उजवीकडच्यानं त्यांच्याकडे पाहून निळा धरला. त्याच्या पुढच्यानंही. खाडखाड निळे होत गेले आणि ताईंच्या चष्म्यापासून कानापर्यंत सुरीनं वार केल्यासारखी रेघ उमटली!

मी माइक सोडून पळत गेलो. "पुष्पाबाई, डावीकडं पाहा ना!"

"मी नाई पाहत तिच्याकडं!"

राखी समोर बघत म्हणाली, "मलेबी कोणी पाह्यलेलं नाई पाह्यजे!"

"अहो, तोंड नका पाहू, नुसता पुठ्ठा पाहा!"

"पुठ्ठा कोणाच्या हातात हाये?" पुष्पाबाईंनी विचारलं. याला पीएनजीत उत्तर नाही.

मी पळत माइककडे आलो. उजवीकडच्या लोकांना सावरायला एकच उपाय होता. शेजाऱ्याला सोडून समोरच्याचं बघायचं. फाइलसुद्धा कधी कधी असं करते, वरच्या ठिपक्याकडे पाहून भागवते. मी ओरडलो, "पुष्पाबाईच्या मागचे, शेजाऱ्याले सोडा, समोरच्याले पाहा! बाकीचे कोणी हलू नका!"

'मागचे' म्हणजे रांगेत त्यांच्यानंतरचे, असं मला म्हणायचं होतं. त्यांना ते बरोबर कळलं. त्यांनी समोर पाहून पांढरे धरले आणि वार पुसला गेला. पण पुष्पाबाईंच्या पाठीमागेही माणसं बसली होती की! तीही मागचीच! पाठीमागच्यानं समोर पाहिलं, पुष्पाबाईंचा निळा दिसला, त्यानं निळा धरला. त्याच्या मागच्यानं त्याचा बघून निळा धरला. सूचना एक, अर्थ दोन, आणि गाव इतकं आज्ञाधारक की दोन्ही पाळले!

टीव्हीवर चष्म्याखालून एक निळा ठिपका निघाला. त्याखाली दुसरा. त्याखाली तिसरा. सावकाश, एकामागून एक, गालावरून खाली. मी डोळे मिटले. आता ही रेघ हनुवटी फोडून मैदानाबाहेर जाणार! पण त्याच्या मागे आमच्या गावचा इंद्रभान बसला होता. सावलीत, पोटभर जेवून, पांढरा पुठ्ठा डोक्यावर ठेवून गाढ झोपलेला. तो समोरचं काय, काहीच बघत नव्हता. त्याच्या मागच्यांनी त्याचा पांढरा पाहिला आणि पांढरेच राहिले. रेघ गालाच्या मधोमध थांबली.

मी डोळे उघडले. आता कुणीतरी हसेल म्हणून मी वाट पाहत होतो. कुणीच हसलं नाही. मंचासमोरच्या मंडपातले लोक उभे राहून टीव्हीकडे बघत होते. कारण टीव्हीवर सिंधूताईंच्या डोळ्यातून थेंब निघून गालावर थांबला होता.

मीही बघत राहिलो. मी काढलेल्या चित्रात हा थेंब नव्हता. एका भांडणानं तो सुरू केला, माझ्या चुकलेल्या वाक्यानं त्याला वाट दिली आणि एका झोपेनं थांबवला. आणि तरी सगळ्या चेहऱ्यात खरी तेवढीच एक गोष्ट वाटत होती!

ताई खुर्चीतून उठल्या, टीव्हीजवळ गेल्या, चष्मा काढून पदरानं पुसला आणि मला खुणेनं बोलावलं. मी पाठ ताठ करून गेलो.

"हर्षल, हे डोयातलं पाणी कसं जमवलं रे?"

लोक माझ्याकडे बघत होते. पूनमही बघत होती. "त्याचं असं हाये ताई," मी सुरुवात केली, "की फाइलमध्ये शेजारचा ठिपका…" आणि माझी नजर पुन्हा त्या थेंबावर गेली. "नाही ताई. ते आपोआप आलं."

"माह्यंबी," ताई म्हणाल्या आणि चष्मा पुन्हा पुसायला लागल्या.

एवढ्यावर मी थांबलो असतो तर बरं झालं असतं! पण मी सागरकडून तो फोटो घेतला आणि सगळ्या ग्रुपवर टाकला. तिथून तो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर निघाला. फोन काय करतो, प्रत्येक खेपेला फोटो आणखी दाबतो आणि "एवढं काही डोळ्याले दिसत नाही" म्हणून थोडंथोडं फेकून देतो. शेगावात ताईंचे ओठ गेले असावेत. जळंबला बहुतेक चष्मा उतरला.

संध्याकाळी खामगावहून पूनमच्या मामांचा फोन आला. आवाजात कौतुक मावत नव्हतं.

"जावईबापू, फोटो पाह्यला! शेततळं लई मोठं खोदलं हो! ताडपत्रीबी झकास हाये, निळी-पांढरी. फक्त मधात एका जागी फाटेल दिसून राह्यली. तेवढी बदलून घ्या!"

पूनम कान देऊन ऐकत होती. मी पाठ फिरवली.

"हाव मामा," मी म्हटलं, "उद्याच घेतो बदलून."