अप्पांचं उसाचं गाव

काशी ही जगातली सगळ्यांत जुनी नगरी, असं कुणी म्हटलं की अप्पा टेंबे हातातला चहा खाली ठेवतात. "सुरू होताना पाहिली का कुणी? आमच्या गावाचा पहिला दगड कुणी उचलला, ते मी नावानिशी सांगतो!"

हे 'आमचं गाव' मॉरिशसमधलं. अप्पा आमचे शेजारी, जन्म इथलाच, काशीतल्या संकठा घाटाच्या गल्लीतला. तरुणपणी तिकडच्या साखर कारखान्यात यंत्रांच्या कामावर गेले, ते केस पिकल्यावर आजारी आईसाठी परतले. आई गेली. अप्पा इथेच राहिले आणि भेटेल त्याला गाव सांगू लागले.

"नुसतं रान आणि काळे दगड! जहाजातून आणलेल्या मजुरांनी ते वेचून ढीग रचले, मोकळ्या जागेत ऊस लावला. मग घाणा. मग झोपड्यांची रांग, वाण्याचं दुकान. एकाला मुलगी झाली म्हणून देऊळ."

"मुलगी झाली म्हणून?"

"नवस होता! मग शाळा, मग बसस्टँड. झालं गाव!"

एकदा गोष्ट शाळेपर्यंत आली आणि ऐकण्याच्या नादात न्हाव्यानं माझी अर्धी मिशी उडवली. वर अप्पांनाच म्हणाला, "चाचा, आप बाहर बैठ के सुनाइए."

गेल्या हिवाळ्यात आमच्या वरच्या खोलीत सरिताबाई उतरल्या. मॉरिशसच्या शिक्षिका, वडिलांच्या अस्थी घेऊन आलेल्या, आणि नेमक्या त्याच गावच्या! मी अप्पांना सांगितलं. इस्त्रीचा सदरा घालून ते घाटावर हजर. विसर्जन होऊ दिलं, मग पायरीवरच त्यांनी अख्खं गाव वसवलं. बाई थक्क झाल्या. हे सगळं अप्पांना कुणी सांगितलं, असं आपल्या भोजपुरीत विचारू लागल्या.

"ई सब त हमनी के भी ना मालूम. रउआ के के बतवलस?"

अप्पा अडखळले. "बायकोनं. दगड वेचणारे तिचे पणजोबा होते. आता ती नाही."

अप्पांचं लग्न झालं होतं, हे इतक्या वर्षांत मला ठाऊक नव्हतं.

"त्यांच्या अस्थीही इथेच सोडल्या असतील?" सरिताबाईंनी हलकेच विचारलं.

"नाही. तिकडेच, गावाजवळच्या समुद्रात. मी म्हणत होतो, काशीला नेतो. ती म्हणाली, मला माझ्या गावातून हलवू नका." मग माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "काशीचा माणूस मी. बायकोला गंगा नाही मिळाली. गल्लीत कुणाला सांगू?"

दुसऱ्या दिवशी बाई निघाल्या, तेव्हा अप्पा दारात उभे. हातात गंगाजलाचा, तोंड कथलानं झाळून बंद केलेला तांब्याचा गडू.

"समुद्रात ओताल? कोळ्यांच्या होड्या लागतात तिथे."

बाईंनी दोन्ही हातांनी गडू घेतला. तेवढ्यात अप्पा खेकसले, "हातातल्या पिशवीत नको! विमानात काढून घेतात. मोठ्या बॅगेत, साडीत गुंडाळा. आडवा नाही, उभा!"

आमच्या गल्लीत गाडी येत नाही. सामानासाठी हमाल आला होता, पण ती बॅग अप्पांनी त्याला दिली नाही. तिला चाकं होती. तरी गाड्या मिळतात त्या गोदौलिया चौकापर्यंत अप्पांनी ती उचलून, उभी धरून नेली.