पाहुण्यांचा आक्षेप नाही

कुंभकोणमच्या मेलकावेरी भागातल्या श्री पांडुरंग कीर्तन सभेची तातडीची बैठक गोकुळाष्टमीच्या सप्ताहाच्या तोंडावर भरली. तिच्यापुढे एकच विषय होता. सभेच्या मंडपाला लागून जी मोकळी जागा आहे, तिथे गावाच्या सांडपाण्याचं पंपघर बांधायचं ठरलं होतं, आणि त्यावर सभेचं मत मागवलं होतं. मत मागवणाऱ्या विभागाचं नाव इथे देण्यात अर्थ नाही. तो अधूनमधून स्वतःचं नाव बदलतो; त्यामुळे जुन्या तक्रारी आपोआप निकालात निघतात.

मत काय असणार? वास येणार. बुक्का आणि कापूर यांपलीकडे ज्या मंडपाला कधी दुसरा वास ठाऊक नव्हता, तिथे पूर्वरंग एका नाकपुडीने आणि आख्यान दुसरीने ऐकावं लागणार. पंपघर झालं की कीर्तन संपलं, हे बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं. पण अध्यक्ष व्यंकोबा रावांनी चष्मा पुसला आणि सभेचं परंपरागत धोरण सांगितलं.

"हे बघा, मुलुख त्यांचा. सरकार त्यांचं, सांडपाणी त्यांचं. आपण पडलो पाहुणे. पाहुण्यानं घरच्यांच्या भांडणात तोंड घालू नये."

पाहुण्यांना येऊन तीनशे चाळीस वर्षं झाली होती. तंजावरला मराठी राजे होते तेव्हा कारकुनी करायला आलेले पूर्वज, दोन दिवसांत परत निघायचं अशा बेतानं उतरले होते आणि तो बेत सभेनं अजून अधिकृतपणे रद्द केलेला नव्हता. घरं इथे, शिधापत्रिका इथे, भाऊबंदकी इथे, चितेची जागाही कावेरीच्या काठी. कधी पुण्याला लग्नाला गेले तर तिथली माणसं यांचं मराठी ऐकून हसू दाबत आणि "तुम्ही मूळचे कुठले?" असं विचारत. पण पाहुणेपण ते पाहुणेपण.

शेवटी एकमतानं ठराव झाला. "सभेचा आक्षेप नाही. सभा या प्रश्नाकडे आदरपूर्वक आणि अंतरावरून पाहते." वाक्य चिटणीस व्यासराज रावांनी रचलं होतं. सगळ्यांनी त्याची तारीफ केली.

व्यासराज राव म्हणजे भला माणूस. विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले, सकाळी विष्णुसहस्रनाम, संध्याकाळी मंडप. उभ्या जन्मात त्यांनी एकच व्यसन केलं, झील धरण्याचं. कीर्तनकारानं ओळ टाकली की मागे उभं राहून ती उचलायची, गळ्यानं झेलायची आणि सजवून परत द्यायची. कीर्तनकार कितीतरी आले, म्हातारे झाले, गेले. झील व्यासराज रावांची. ओळ जमिनीवर पडू द्यायची नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरात सीतालक्ष्मीबाई "मीठ संपलंय हो" म्हणाल्या तरी ते आतून "संपलंय हो, संपलंय" म्हणून उचलत, आणि मीठ मात्र आणत नसत.

सप्ताह सुरू झाला आणि त्याच सकाळी गल्लीतली तमिळ मंडळी रस्त्यात बसली. पंपघर नको म्हणून बसली. सगळ्यांत पुढे कोमळवल्ली. तिचं कोपऱ्यावर पितळेच्या भांड्यांचं दुकान. दुकानातलंच एक ताट आणि एक पळी घेऊन ती आली होती. ताटाचा आवाज थेट मंडपाच्या गाभाऱ्यापर्यंत जात होता.

सभेची पुन्हा बैठक. निर्णय असा झाला, की आंदोलनाला सभेचा विरोध नाही, पाठिंबाही नाही, फक्त ते दुपारी बारा ते चार या वेळेत आणि शक्यतो मौन पाळून व्हावं, अशी विनंती व्यासराज रावांनी जाऊन करावी.

व्यासराज राव उपरणं घेऊन बाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर आले. तिथे त्यांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू मार्टिना बसली होती. बाई ऑस्ट्रियाची. स्वामिमलैला मूर्ती ओतण्याचं काम शिकत होती आणि तमिळ बरी बोलत होती. रस्त्याकडे बघून तिचा जीव तुटत होता.

"तुम्ही आंदोलनात चाललात?" तिनं विचारलं.

"आंदोलनात नव्हे. आंदोलनाकडे."

"मला जाता येत नाही. परदेशी माणसानं असल्या गोष्टीत पडायचं नाही, असा नियम आहे."

"आमचंही तसंच आहे बाई. आम्हीही बाहेरचेच."

"हो? मग तुमचा व्हिसा कोणता?"

व्यासराज रावांनी थोडा विचार केला. "जुना," ते म्हणाले.

"आणि परत कधी जाणार?"

"ते अजून ठरलं नाही."

आतून सीतालक्ष्मीबाईंचा आवाज आला, "परत कसाला जायचं म्हणताय? रसवांगी चुलीवर आहे. जेवायच्या वेळेला घरी या म्हणजे झालं."

रस्त्यात कोमळवल्लीनं त्यांना बघितलं आणि सरकून जागा केली. गल्लीतल्या तमिळ तोंडी 'राव'चा 'रायर' झालेला. "या रायरे! बसा. जमखाना तुमच्या सभेचाच आहे."

जमखाना खरोखर सभेचा होता. मागितला म्हणून दिला होता. अंतरावरून दिला होता. व्यासराज राव उभेच राहिले आणि त्यांनी विनंती सांगितली. कोमळवल्लीनं पळी खाली ठेवली.

"मौन? मौन धरून 'नको' कसं म्हणायचं, रायरे?"

"मनात म्हणावं."

"पंपवाल्यांना ऐकू येईल?"

"भगवंताला येईल."

"भगवंत अर्ज मंजूर करतो का? बरं, वास तुम्हाला जास्त येणार की आम्हाला?"

"आम्हाला," व्यासराज राव प्रामाणिकपणे म्हणाले. "भिंत आमची लागून आहे."

"म्हणजे तुमच्यासाठी आम्ही ओरडायचं, आणि हळू ओरडायचं?"

"शक्य झाल्यास."

गल्ली हसली. कोमळवल्लीही हसली, आणि हसत हसत तिनं ताटावर पळी मारली. "वेंडाम, वेंडाम!" नको, नको! मागची माणसं उन्हानं वैतागलेली. कोणी आधी, कोणी नंतर, कोणी जांभई देत "पंप वेंडाम" म्हणालं. घोषणेचे तुकडे तुकडे होऊन ती डांबरावर पडली.

आता इथे व्यासराज रावांचा दोष काय ते श्रोत्यांनीच सांगावं. ताटावर बाईनं नकळत कीर्तनातल्या धुमाळीचा अस्सल ठेका धरला होता. पुन्हा ओळ आली, "वेंडाम, वेंडाम!" आणि यांच्या डोळ्यांदेखत ती परत पडायला लागली. यांचे हात आपोआप जुळले, टाळी बसली, आणि गळ्यातून वरच्या षड्जाला लागलेलं "पंऽऽप वेंडाम!" असं निघालं, की समोरच्या चहाच्या दुकानातला रेडिओ कोणीतरी बंद केला.

कोमळवल्लीनं चपापून पुढची ओळ टाकली. यांनी उचलली. तिनं लय वाढवली, यांनी दुगण केली. मिनीबस थांबली, माणसं उतरली. ज्यांना पंपघर कुठे होणार हेही ठाऊक नव्हतं, ती टाळ्या वाजवू लागली. फुलवाल्या बाईनं भारावून जाऊन व्यासराज रावांच्या गळ्यात माळ घातली.

ही माळ घातली नसती तर गोष्ट तिथेच मिटती. पण कीर्तनाची रीत अशी, की पूर्वरंग संपला की माळ घालतात, आणि गळ्यात माळ पडली की थांबायचं नसतं, आख्यान लावायचं असतं. आजवर व्यासराज रावांच्या गळ्यात माळ कधी पडलीच नव्हती. झीलकऱ्याला कोण घालतो? त्यांनी उपरणं कमरेला बांधलं, डोळे मिटले आणि पंपघराचं आख्यान लावलं. डोळे उघडले तेव्हा ते पोलिसांच्या गाडीत होते.

चौकीवरचा इन्स्पेक्टर सकाळपासून काळजीत होता. या आंदोलनामागे बाहेरच्या शक्तींचा हात आहे, असं वरून कळलं होतं, आणि तो हात संध्याकाळपर्यंत हजर करायचा होता. पण ज्याला धरावं तो इथेच जन्मलेला. एक खरी परदेशी बाई गल्लीत राहत होती म्हणून शिपाई पाठवला, तर ती घरात बसून मेणाचा गणपती घासत होती. तिनं शिपायालाच कायदा समजावून सांगितला आणि ताक दिलं.

"तुम्ही कोण?" इन्स्पेक्टरनं थकलेल्या आवाजात विचारलं.

व्यासराज रावांनी हात जोडले. "सार, माझा यात काही संबंध नाही. आम्ही बाहेरचे."

इन्स्पेक्टर उठून उभा राहिला. त्यानं स्वतः पंख्याखाली खुर्ची सरकवली. "बसा. परत म्हणा."

"बाहेरचे. पाहुणे म्हणा ना."

"किती जण आहात?"

"साठेक घरं."

"कोणी पाठवलं?"

"राजांनी."

"ते राजे सध्या कुठे आहेत?"

"आता नाहीत, सार."

"फरार," असं इन्स्पेक्टरनं लिहिलं, आणि खाली रेघ ओढली.

व्यासराज रावांची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती. त्यांना तुरुंगाची भीती वाटत नव्हती. संध्याकाळी गोवर्धनाचं आख्यान होतं, आणि मागे झील धरायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात व्यंकोबा राव आले. आल्या आल्या त्यांनी चिटणिसाच्या चारित्र्याची ग्वाही दिली. "सार, अतिशय सज्जन. जन्मभर इथे राहिला, पण इथल्या कशातही कधी भाग घेतला नाही. पक्का बाहेरचा माणूस."

"तुम्हीही बाहेरचेच?" इन्स्पेक्टरनं दुसरी खुर्ची सरकवत विचारलं.

व्यंकोबा रावांच्या ओठांवर आलं होतं, की नाही हो, आम्ही इथलेच. एवढं म्हटलं असतं तर गडी सुटला असता. पण इथले म्हटलं की पंपघराबद्दल बोलणं आलं, आणि मग रस्त्यात बसणंही आलं. त्यांनी खुर्चीकडे बघितलं, आणि "आरतीची वेळ झाली" असं म्हणून ते निघाले. वाटेतच त्यांनी दोन सभासदांना गाठून ठराव करून घेतला, की चिटणिसांनी माळ स्वीकारली ती वैयक्तिक नात्यानं.

कोमळवल्ली आणि बाकीच्यांना स्थानिक म्हणून केव्हाच सोडून दिलं होतं. पण ती घरी न जाता चौकीच्या दारात बसली होती. 'बाहेरचा' हा शब्द कानावर पडताच ती ताट घेऊन आत आली.

"कोण बाहेरचा? हा रायर? माझ्या लग्नात याच्या आईनं पोळ्या लाटल्या. माझा बाप गेला तेव्हा यानं खांदा दिला. सार, हा बाहेरचा असेल तर आमची कावेरीसुद्धा बाहेरचीच. तीही कर्नाटकातून येते. लिहा, तिचंही नाव लिहा!"

कावेरीचा विषय आपल्या दर्जाच्या बराच वरचा आहे, हे इन्स्पेक्टरला ठाऊक होतं. त्यानं लिहिलेलं सगळं फाडलं आणि 'सर्व स्थानिक' असं लिहून व्यासराज रावांना सोडलं.

तीनशे चाळीस वर्षांत त्यांच्या घराण्याला हे कोणी सरकारी शाईनं सांगितलं नव्हतं. पायऱ्या उतरताना म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"कोमळवल्ली, फार उपकार झाले. तुम्ही लोक फार चांगले आहात हो."

"तुम्ही लोक?" कोमळवल्लीनं त्यांच्याकडे नीट बघितलं. "असू दे. उद्या येणार ना बसायला?"

"उद्या कीर्तन आहे," व्यासराज राव म्हणाले. "पण मनानं तुमच्यातच आहे."

त्या संध्याकाळचं कीर्तन असं रंगलं म्हणता! तंजावरहून आलेले बुवा गोवर्धनाला आले. "अरे, करंगळी देवाची, पण काठ्या कोणाच्या? एकेका गोपाळानं आपापली काठी लावली! कोणी म्हणालं का, डोंगर दुसऱ्याच्या हद्दीत आहे?" व्यासराज रावांनी ओळ उचलली आणि सजवून परत दिली. सगळा मंडप रडला. व्यंकोबा रावांचं उपरणं भिजलं. बाहेर रस्त्यात बसलेल्या मंडळींनी कीर्तन संपेपर्यंत घोषणा थांबवल्या होत्या. तीही ऐकत होती. मंडपातून उठून बाहेर कोणी गेलं नाही. काठी लावायची होती ती आख्यानात होती आणि तिथे ती लागली होती.

पुढचं सगळं रीतसर झालं. आंदोलन स्थानिकांचं आहे असा अहवाल गेल्यामुळे विभागाला ते ऐकावं लागलं. पंपघर रद्द झालं नाही, पण त्याची वास सोडणारी नळी आक्षेप घेणाऱ्यांकडे वळवायची नाही, असं ठरलं. तीन बाजूंनी आक्षेप होते. कोमळवल्ली सही मागायला दोनदा मंडपात आली. तिला प्रसाद दिला. चौथ्या बाजूचे लोक या प्रश्नाकडे आदरपूर्वक आणि अंतरावरून पाहत असल्याची नोंद होती. अभियंत्यानं येऊन ते अंतर मोजलं. नळीला पुरेसं होतं.

आता मंडपात सभेच्या बैठका नाकाला उपरणं लावून होतात. परवाच्या बैठकीत तीव्र खेद व्यक्त करण्यात आला, की इथल्या लोकांमध्ये पूर्वीची तळमळ उरलेली नाही. तीन बाजू सुटल्याबरोबर उठून गेले, चौथीसाठी कोणी बसायला तयार नाही. व्यासराज रावांनी ठराव घरी नेऊन वाचून दाखवला.

"मग तुम्हीच जाऊन बसा की," सीतालक्ष्मीबाई म्हणाल्या.

"मी एकटा?" व्यासराज राव दचकले. "अगं, ओळ कोण टाकणार? मी उचलणारा."

तर श्रोतेहो, असा हा आमचा भाबडा माणूस. पोटभर हसा त्याला. आणि जाता जाता एक सांगून ठेवतो. सभेला नवे सभासद हवे आहेत. मराठी यायला पाहिजे असं नाही, कुंभकोणमला राहायला पाहिजे असंही नाही. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आज कोण बसलंय आणि कशासाठी, हे तुम्हाला ठाऊक नसलं म्हणजे पुरे. अर्ज करायची तसदी घेऊ नका. तुमचं नाव आम्ही आधीच घालून ठेवलं आहे.