ढोलकी कोणाची, ते सांगा

लग्नाला गेलेला माणूस आधी नवरा-नवरीला बघतो, नाहीतर पंगत कुठवर आली ते बघतो. आमचे शेजारी गफूर मास्तर आधी डीजेवाल्याकडं जायचे. डोक्यावर मखमली टोपी, गळ्याभोवती मफलर. मे महिन्यातही मफलर, कारण गळा गाणाऱ्याचा. स्पीकरच्या भिंतीपुढं उभं राहून दोन्ही हात वर करायचे आणि विचारायचे, "बेटा, ढोलकी कोन वाजवून राहिलंय?"

"चाचा, पेनड्राइव्ह हाय."

"पेनड्राइव्हला हात किती असतेत?"

उत्तर मिळाल्याशिवाय मास्तर जेवायला बसत नसत, आणि उत्तर कुणालाच येत नसे. त्यामुळं लातुरातल्या कितीतरी लग्नांतून ते उपाशी परत आलेत. तिथून थेट आमच्या दारात. "भाभी, भाकर हाय का?" माझ्याकडं कोचिंगच्या पोरी राहायला, त्यांची मेसही माझीच, भाकर असायचीच. दोन भाकरी आणि ठेचा खाऊन ते लग्नातल्या स्वयंपाकाला नावं ठेवायचे, न खाताच.

माझ्या पुतण्याच्या वरातीत मात्र हद्द झाली. त्या दिवशी नेमकं मास्तरांचंच गाणं लागलं. विहिरीवर मेव्हणी दाजींची फजिती करते, ते गाणं. त्या वर्षांत त्याशिवाय आमच्याकडं वरात पुढं सरकत नव्हती. मास्तर घोड्याच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले. घोडा थांबला, नाचणारी पोरं थांबली, वरून नवरदेव विचारतोय, "काय झालं, काय झालं?" मास्तरांनी डीजेवाल्याच्या हातातला माईक घेतला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "ह्या गाण्यात ढोलकी वाजवली ज्ञानोबा लिंबाजी यांनी. हां, आता वाजवा."

आणि बाजूला झाले. पोरं खो खो हसली. माझे दीर चिडले. मला मात्र वेगळंच नवल वाटलं. घरी आल्यावर मी विचारलं, "मास्तर, गाणं तुमचं, आवाज तुमचा. स्वतःचं नाव घ्यायचं विसरलात?"

"इसरलो न्हाई, भाभी. मी जित्ता हाय. माझं मी कवाबी सांगीन."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला ज्ञानोबाची गोष्ट सांगितली.

ज्ञानोबा किल्लारीच्या बाजूच्या एका खेड्यातला. मास्तरांच्या गाण्याच्या पार्टीतला ढोलकीवाला. इतका लाजाळू की कार्यक्रमभर लोकांकडं बघायचाच नाही, ढोलकीकडं बघायचा. पण मास्तर तानेत फार वेळ रमले की हा गडी वाजवणं थांबवून वर आभाळाकडं बघत बसायचा. लोक हसायचे, मास्तर मुकाट्यानं समेवर यायचे. "लई उस्ताद होता. हातानं शिव्या द्यायचा," मास्तर म्हणाले.

मेव्हणीच्या गाण्याची कॅसेट निघाली तेव्हा कव्हरवर मास्तरांचा तेल लावून भांग पाडलेला फोटो होता. ढोलकीवाल्याचं नाव टाकायला कंपनीचा मालक तयार नव्हता. मास्तर अडून बसले. शेवटी खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, नाव छापलं गेलं. ज्ञानोबाला वाचता येत नव्हतं. त्यानं नाव कुठं आहे तेवढं विचारून घेतलं आणि मग बसस्टँडवर दिसेल त्या माणसापुढं कव्हर धरून, तिथं बोट ठेवून म्हणायचा, "दादा, हितं काय लिवलंय, जरा वाचा की."

त्या वर्षी गणपतीतला शेवटचा कार्यक्रम लातूरला झाला. तो आटोपून ज्ञानोबा गावी गेला. पहाटे जमीन हलली. आमच्या घरी फडताळातली भांडी पडली, एवढंच. मास्तर मिळेल त्या ट्रकनं त्याच्या गावी पोचले तेव्हा घर कुठलं आणि गल्ली कुठली, ते ओळखू येईना. ज्ञानोबाही गेला, त्याची बायकोही गेली. तान्ही मुलगी तेवढी आजीकडं मुदखेडला होती, म्हणून राहिली. पुढचं मास्तरांनी दोनच शब्दांत सांगितलं. "दगड उचलले," म्हणाले, आणि मफलर नीट करत बसले.

ज्ञानोबा गेला, पण कॅसेट चालत राहिली. कॅसेट ऐकून गावोगावचे लोक पार्टीला बोलवायचे, पार्टीतल्या सगळ्यांच्या चुली त्यावर पेटायच्या. मग बाजारात नकली कॅसेटी आल्या. त्यामागून एका सीडीत शंभर-शंभर गाणी आली. लातुरात क्लासेस वाढले, गल्लीगल्लीत खेड्यापाड्यांतली पोरं राहायला आली, आणि दर दुसऱ्या दुकानावर पाटी लागली: 'गाणी भरून मिळतील'. नेटवरून फुकट उतरवायची आणि मोबाईलच्या कार्डात भरून द्यायची. कव्हर गेलं, कव्हरवरची नावंही गेली. मोबाईलवर गाणं लावलं की गाणाऱ्याच्या जागी त्या दुकानाचंच नाव दिसायचं.

एका सरपंचानं मास्तरांना तोंडावर सांगितलं, "तुमचं गाणं हाय की आमच्याकडं. तुम्हाला कशाला बोलवायचं?"

पेटीवाला ऑटो चालवायला लागला. मास्तर एका क्लासच्या सायकल स्टँडवर बसायला लागले. पोरं खिशात गाणं वाजवत यायची. मास्तर त्यांच्या सायकली रांगेत लावायचे आणि पोरांच्या खिशातून मास्तरांचाच आवाज दाजींची फजिती करत राहायचा. आपण कोण, हे त्यांनी एकाही पोराला सांगितलं नाही. ढोलकीचं मात्र प्रत्येकाला विचारलं.

एका जूनमध्ये मुदखेडहून एक गृहस्थ मास्तरांचं घर विचारत आले. सोबत दहावी झालेली भाची. "आमच्या भावजींचं तुमच्याबिगर हितं वळखीचं कोनी न्हाई. पोरीला डॉक्टरकीचा क्लास लावायचाय. चांगली खोली बघा."

ती ज्ञानोबाची अनिता. मास्तर तिच्याकडं बघतच राहिले. मग तिची ट्रंक स्वतः उचलून माझ्याकडं घेऊन आले. खोली बघायचं कारणच नव्हतं.

पोरगी बापासारखीच, मान खाली घालून बोलणारी. पंधरा दिवस तर तिचा आवाजच कुणी ऐकला नाही. एक दिवस मास्तर डाळीची पिशवी द्यायला आले तेव्हा तिनं विचारलं, "चाचा, माझे बाबा कसे वाजवायचे? आमच्याकडं त्यांचा फोटोपण न्हाई."

"फोटो कशाला? बाप ऐकवतो की तुला!" मास्तर उठलेच. त्यांची स्वतःची कॅसेट टेपरेकॉर्डरनं कधीच खाल्ली होती. दुसरी जपून ठेवायची गरज त्यांना वाटली नव्हती. गाणं तर गावभर वाजत होतं.

आम्ही तिघं कोपऱ्यावरच्या मोबाईलच्या दुकानात गेलो. दुकानदारानं गाणं लावलं. मास्तरांचा आवाज आला. त्याच्याखाली मात्र कसले तरी धडाधड ठोके, गिरणीतल्या पट्ट्यासारखे.

"ढोलकी कुठंय?" मास्तरांनी विचारलं.

"रिमिक्स हाय, चाचा. आता हेच चालतंय. ढोलकी काढून बीट टाकलेत."

"जुनं लाव."

"जुनं डिलीट केलं. मेमरी फुल्ल झालती."

दुसऱ्या दुकानात तेच, तिसऱ्यात तेच. सगळ्यांनी एकमेकांकडूनच भरून घेतलेलं. मास्तरांनी सायकल स्टँडवरच्या पोरांचे मोबाईल बघितले. मूळ टेप आहे का ते विचारायला कॅसेट कंपनीच्या जुन्या मालकाकडं गेले. नकली कॅसेटींनी धंदा बुडाल्यावर त्यानं सगळ्या टेपा भंगारात घातल्या होत्या. हे सगळं करून आले आणि आठवडाभर आमच्याकडं फिरकले नाहीत. अनिता रोज संध्याकाळी दाराकडं बघायची.

रविवारी मास्तर आले. क्लासला सुट्टी होती. पोरी अंगणात गहू निवडायला मला मदत करत होत्या. मास्तरांनी तेलाचा रिकामा डबा ओढून मांडीत घेतला, मफलर काढून बाजूला ठेवला आणि अनिताला समोर बसवलं. एका हाताचा तळवा, दुसऱ्याची बोटं, आणि जे डब्यातून निघत नव्हतं ते तोंडानं. 'हितं तो घुमारा काढायचा.' 'हितं मी चुकायचो, तर असा सांभाळून घ्यायचा.' मध्येच वाजवणं थांबवून त्यांनी मान वर केली आणि आभाळाकडं बघत राहिले, तेव्हा अनिता हसली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघत होते.

हसता हसता तिचे डोळे भरले. पदर नव्हता, ओढणीनं पुसले आणि म्हणाली, "चाचा, गाणंपण म्हणा ना संगं."

"न्हाई बेटा," मास्तर म्हणाले. "गाणं समद्यांच्या खिशात हाय. तू हे ऐक."

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.