मान हलली, सौदा पक्का

ऑस्ट्रेलियातल्या तूवूंबाच्या गुरांच्या बाजारात क्लाइव पिकरिंगने एकतीस वर्षं लिलाव पुकारला होता. त्यामुळे बोलणं या विषयात आपल्याला कोणी काही शिकवावं, असं त्याला वाटत नसे. परदेशी विद्यार्थ्यांशी इंग्रजीत गप्पा मारायला माणसं हवीत, अशी पाटी ग्रंथालयातल्या वेंडीने लावली, तेव्हा पहिला उभा राहिला तोच.

वेंडीने एका मुलीचं नाव सुचवलं. "माझ्याकडे सोपव," तो म्हणाला. "सहा आठवड्यांत पोपटासारखी बोलायला लावतो."

"बोलायचं तिने आहे, क्लाइव. तू गप्प बसायचंस."

"त्यात काय अवघड आहे?"

मुलगी व्हिएतनामची, नाव लिएन. तिला नर्सिंगला जागा मिळाली होती, पण इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नऊपैकी सात गुण पडले तरच. नाहीतर बाडबिस्तरा गुंडाळून घरी.

"घरी कोण कोण असतं?" क्लाइवने पहिल्या दिवशी विचारलं. वाक्य जुळवायला लिएनने श्वास घेतला. आता लिलावात तीन सेकंद शांतता झाली की हातोडा पडतो. क्लाइवने दोन सेकंद कसेबसे काढले आणि उत्तर स्वतःच देऊन टाकलं. "आईबाप असतीलच. मलाही होते. माझा बाप म्हणजे..." बाप संपला तेव्हा वेंडी खिडक्या लावत होती.

लिएन मान हलवत ऐकत होती. बाजारात मान हलली की बोली आली, हेही क्लाइवच्या हाडीमाशी मुरलेलं.

"रविवारी माझ्याकडे मटण खायला येशील?" मान हलली. बिचारीला मटणाचा वाससुद्धा सोसत नसे, तरी दोनदा वाढून घेतलं, कारण क्लाइवने दोनदा विचारलं. "मांजराचं पिल्लू हवंय?" मान हलली. वसतिगृहात मांजराला बंदी, म्हणून पिल्लू दोन दिवस कपाटात राहिलं आणि मग वेंडीच्या गळ्यात पडलं. बोलिंग क्लबातल्या म्हाताऱ्यांपुढे तिचं भाषणही ठरलं. तिथे ती उभी राहिली, घसा खाकरला, आणि उरलेली पंचवीस मिनिटं क्लाइव बोलला. टाळ्या चांगल्या पडल्या. तिची प्रगती बघून त्याचा ऊर भरून आला.

चौथ्या आठवड्यात तो म्हणाला, "तू तयार आहेस. परीक्षा तीन आठवडे आधी घेऊन टाकू. काय?"

मान हलली. क्लाइवने तिचाच मोबाईल घेऊन तारीख बदलली. तिची जुनी तारीख मिनिटभरात दुसऱ्या कोणीतरी घेतली.

निकाल लागला. ऐकणं, नऊपैकी नऊ. बोलणं, पाच. परीक्षकाने प्रश्न विचारला की लिएन नम्रपणे थांबायची. सवयीने तिला वाटायचं, उत्तरही आता हेच देतील. पुढची मोकळी तारीख कॉलेज सुरू झाल्यानंतरची होती. नर्सिंगची जागा गेली.

वेंडीने दोघांना समोरासमोर बसवलं. "लिएन, इतक्या लवकर परीक्षा द्यायची नव्हती, तर तू हो का म्हणालीस?"

"मी हो म्हटलंच नव्हतं. मोठं माणूस बोलत असलं की आम्ही मान हलवतो. ऐकतेय, एवढंच."

"अगं, मग नाही म्हणायचंस," क्लाइव म्हणाला.

"म्हणणार होते, काका. तुम्ही थांबल्यावर."

लाजेने त्याचं तोंड उतरलं. माफी मागायला गेला, पण ती कुठून सुरू करतात हेच त्याला सुचेना. शेवटी म्हणाला, "विमानतळावर मी सोडतो तुला," आणि ती खरंच येणार आहे ना, हे तिच्याकडून तोंडी वदवून घेतलं.

ब्रिस्बेनचा विमानतळ पावणेदोन तासांवर. क्लाइवने तोंडात पेपरमिंटची गोळी धरली आणि घाट उतरताना चकार शब्द काढला नाही. एक मिनिट गेलं, मग पाच. जीव नुसता कासावीस झाला.

"माझी आजी," लिएन अचानक म्हणाली, "चार वर्षं अंथरुणाला होती." आणि बोलतच राहिली. आजीची कूस बदलायला ती कशी शिकली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री किती वेळा उठायची, नर्स व्हायचं कधी ठरवलं. अडखळली की थांबायची, शब्द शोधायची आणि पुढे जायची. मध्ये एक विनोदसुद्धा केला. क्लाइवने दुसरी गोळी तोंडात टाकली, मग तिसरी. वाटेत गुरांचा मोठा बाजार लागला, त्याच्या तरुणपणाचे निम्मे किस्से तिथलेच. तरी त्याने दात आवळून गाडी पुढे काढली.

विमानतळ येईपर्यंत ती बोलली. सात काय, कोणीही डोळे झाकून आठ दिले असते. पण गाडीत परीक्षक नव्हता. क्लाइवच होता.