प्रेक्षणीय स्थळे: निरंक

सोमवारी सकाळी अकरा वाजता निमसाखळ्याची टेकडी माझ्या ऑफिसात तक्रार घेऊन आली. दारातून आत येणं तिला जमणार नव्हतं, म्हणून मीच खुर्ची घेऊन बाहेर रस्त्यावर बसले. निमसाखळं तालुक्यापासून एकोणीस किलोमीटर. ती चालत आली होती.

तिची तक्रार साधी होती. पर्यटन योजनेच्या अर्जात ग्रामपंचायतीने ‘गावातील प्रेक्षणीय स्थळे’ या रकान्यात ‘निरंक’ असं लिहिलं होतं.

“वकीलबाई, सरळ दावा लावा,” ती म्हणाली.

“आधी नोटीस द्यावी,” मी म्हणाले. “काय घडलं, तुमची मागणी काय, मुदत किती, एवढं स्पष्ट लिहायचं. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं.”

तिने ‘कृतघ्न’ हा शब्द घालायला सांगितला. मी नको म्हटलं.

“मग माझा राग कुठे दिसणार?”

“पंधरा दिवस, या शब्दांत दिसेल.”

ती म्हणाली, “बरं.”

मागणी एकच ठेवली: तो शब्द ग्रामसभेत, सर्वांसमक्ष खोडावा. न खोडल्यास दावा दाखल होईल आणि टेकडी प्रत्येक तारखेला जातीने हजर राहील. नोटीस रजिस्टर्ड पोस्टाने गेली.

चौथ्या दिवशी सरपंच संपतराव खरात नोटीस घेऊन आले.

“मॅडम, अपमान करायचा नव्हता. रोज डोळ्यांसमोर असते, त्यामुळे लिहायचं सुचलं नाही. पण ही तारखांना जाणार म्हणजे गाव पश्चिमेकडून वाऱ्याला उघडं पडणार. सोमवारी ही जागेवर नव्हती, तर शाळेचे पत्रे उडाले.”

“नोटिशीत तेच लिहिलंय.”

“हो. वाचताना वाईट वाटलं,” ते म्हणाले. “एक शिवी असती तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.”

चौदाव्या दिवशी टेकडीच्या पायथ्याशी ग्रामसभा भरली. मीही गेले. ग्रामसेवकांनी नोटीस मोठ्याने वाचली. नंतर झुंबरबाई खाडे उठल्या. त्यांचं वय ब्याऐंशी.

“लग्न करून बैलगाडीतून येत होते,” त्या म्हणाल्या. “रडत होते. लांबून ही दिसली. गाडीवान म्हणाला, ते बघ तुझं गाव. हिच्याकडंच बघत आले मी. गावाचं नावबी तवा ठाऊक नव्हतं मला.”

संपतरावांनी स्वतःच्या हाताने ‘निरंक’ खोडलं, बाजूला सही केली आणि टेकडीचं नाव लिहिलं. ठराव एकमताने मंजूर झाला. टेकडीने सहीशिक्क्याची प्रत मागितली. ती लगेच मिळाली. दावा लावायची गरज उरली नाही. माझ्या वकिलीत इतकी नेमकी नोटीस दुसरी गेलेली नाही, हे मी सांगते.

अर्जात उंची लिहायची होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मोजणीदार आले. त्यांनी दोनदा मोजलं.

“जुन्या नोंदीपेक्षा अकरा फूट जास्त भरते,” ते म्हणाले. “काय करू?”

“लिहा,” संपतराव म्हणाले. “आमचीच आहे.”