यमुनाकाकूंच्या घरी गाडी बंद पडत नाही

नंदनवन नावाच्या वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत सामान लावून मला तीनच दिवस झाले होते. रविवारची संध्याकाळ, साडेसातचा सुमार. खालून घरमालकीणबाईंचा आवाज आला, "अवो, मागून येऊन राहिला तो! सरक ना बाप्पा, सरक!" मग काहीतरी आपटलं. मग, "घुसला! आतून घुसला मेला!"

खाली दोघं म्हातारी माणसं. मी चपला न घालताच धावलो. दार उघडं होतं. टीव्हीवर मोटारींची शर्यत चाललेली, तिच्यासमोर पदर खोचून, हातात लाटणं घेऊन यमुनाकाकू उभ्या आणि शेजारच्या खुर्चीत काळा चष्मा लावलेले देवाजीकाका अगदी शांत बसलेले.

"बसा भाऊ," माझ्याकडे न बघता काकू म्हणाल्या. "पंधरा राउंड बाकी आहेत."

देवाजीकाका बस डेपोत मेकॅनिक होते. निवृत्तीनंतर त्यांना फॉर्म्युला वनचा नाद लागला. पुढे साखरेच्या आजारानं दृष्टी गेली, नाद तेवढा राहिला. तेव्हापासून मोसमातली प्रत्येक शर्यत काकू त्यांना बोलून दाखवायच्या. टीव्हीचा आवाज जवळजवळ बंद. "तो इंग्रजीवाला मधामधात बोलते," ही काकूंची तक्रार.

काकू सातवीपर्यंत शिकलेल्या. ड्रायव्हरांची परदेशी नावं त्यांच्या तोंडात बसत नसत, म्हणून सगळे रंगावर. लालवाला, नारिंगीवाला, काळावाला. समुद्रकाठच्या एका शहरातल्या अरुंद रस्त्यांवरची शर्यत आली तेव्हा म्हणाल्या, "इतवारीच्या बाजारावानी गल्ली आहे पाहा. एक हातठेला आडवा लावला का सारे खोळंबले." शर्यतीत अपघात झाला की सगळ्यांना हळू चालवायला लावणारी एक गाडी पुढे येते. तिचं वर्णन, "साहेबाची गाडी आली. आता कसे शिस्तीत चालून राहिले!" आणि दोन-अडीच सेकंदांत चारही चाकं बदलली गेली की दर वेळी काकांना टोमणा, "तुमच्या डेपोत एक चक्का बदलवायले दुपार होत होती." काका खुशीत मान हलवायचे.

या सगळ्यांत एक होता 'आपलावाला'. त्याची गाडी नेहमी शेवटच्या रांगेत उभी असायची आणि तिचा रंगही धड सांगता यायचा नाही. काकांनी तोच का निवडला ते मी विचारलं. म्हणाले, "पुढच्याले सारेच पाहतात जी. मागच्या गाडीचा मेकॅनिक काय करत असंन, सांगा बरं?"

मी दर रविवारी खाली जाऊ लागलो. काकू मला मुरमुऱ्याची वाटी देत, आणि मधे बोललो तर लाटणं दाखवत.

मोसम अर्ध्यावर आला असेल. एका वळणावर आपलावाला घसरला आणि सरळ भिंतीवर जाऊन आदळला. चाक निखळून पडलं. तो सुखरूप बाहेर आला, पण गाडी संपली. मी काकूंकडे पाहिलं. त्यांच्या आवाजात तसूभर फरक नव्हता. "आपलावाला बारावा. दाब, दाब! हा पाहा, अकरावा झाला!"

मी तोंड उघडलं. लाटणं माझ्या नाकासमोर आलं.

त्या दिवशी आपलावाला सातवा आला. काका टाळ्या वाजवत होते. काकूंनी मला भाकरी घ्यायला म्हणून स्वयंपाकघरात बोलावलं.

"पहिले मी खरंच सांगत होती, भाऊ," त्या तव्याकडे बघत म्हणाल्या. "एक डाव तो पहिल्याच राउंडात भिडला. यायनं दोन दिवस भाकर नाही खाल्ली. भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. तवाच ठरवलं, माह्या घरात त्याची गाडी बंद नाही पडत."

आणि पडली नाही. अमेरिका खंडातल्या शर्यती आपल्याकडे रात्री उशिरा होतात. काकूंच्या घरी त्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाबरोबर, टीव्ही न लावताच व्हायच्या. तिथे तर आपलावाल्याला कोणी अडवूच शकत नसे. जगाच्या यादीत तो तळाला होता. नंदनवनात तो वर चढत होता.

मोसमाची शेवटची शर्यत आली, आणि आदल्या दिवशी कन्हानला काकूंच्या बहिणीचा पाय मोडला. जाणं भाग होतं. निघताना पिशवी खांद्याला लावून त्या वर माझ्याकडे आल्या.

"उद्या तुमी सांगा. दहावा आणा त्याले. जास्त वर नोका नेऊ, पचत नाही लोकायले."

दुसऱ्या दिवशी काकूंच्या जागी मी उभा राहिलो. दिवे पेटले, विझले, गाड्या सुटल्या. दुसऱ्याच राउंडात आपलावाल्याच्या गाडीतून धूर निघाला आणि ती गवतात जाऊन थांबली. ड्रायव्हर उतरून चालू लागला.

"आता... आपलावाला अठरावा," मी म्हणालो. "नाही, सतरावा."

"थांबला ना?" काकांनी विचारलं.

"नाही हो काका! चालला आहे."

"पायी?"

काका हसले, पण आवाज न करता.

"तुमाले जमत नाही, भाऊ. ती बरी बोलते. पण तिचाबी हिशेब चुकते. एका शर्यतीत तिनं दोन-दोन पाचवे आणले. आन् सालभरात एक डाव तरी पंक्चर व्हावं का नाही गाडी? मी मेकॅनिक होतो जी."

"मग तुम्ही बोलत का नाही?"

काकांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला. त्या चष्म्याला पुसून काय होणार, असं माझ्या मनात आलं.

"मी डेपोतून यायचो, जेवायचो, झोपायचो. तीस-पस्तीस वर्षं. ती काही बोलली असंन तं मी आयकलं नाही. ती इतकी बोलते, अशी हसवते, हे मले डोळे गेल्यावर समजलं. आता बोलून राहिली, तं बोलू द्या. तिले नोका सांगू."

शर्यत संपते न संपते तोच काकूंचा फोन आला. मी घाबरून तो काकांच्या हातात दिला.

"किती आला वो?" पलीकडून आवाज.

"सहावा!" काका ओरडले. "लालवाल्याले मागं टाकलं त्यानं. भाऊनं मस्त सांगतलं."

मग, "हो का? बरं झालं बाई. औषध घेतलं का?"

तिसऱ्या दिवशी काकू परतल्या आणि आधी माझ्याकडे आल्या. जिन्यावर बसून त्यांनी मला झापलं. "दहावा म्हटलं होतं मी! सहावा काहून नेला?"

"चुकलो, काकू."

"जाऊ द्या. फोनवर खुश वाटून राहिले होते." त्या उठल्या नाहीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत, सोडवत राहिल्या. माझ्याशी बोलताना त्यांचा आवाज इतका खाली आलेला मी कधी ऐकला नव्हता. "आता तीन महिने शर्यत नाही, भाऊ. मार्चपर्यंत मी त्यायच्यासंगं काय बोलू?"

खालून काकांची हाक आली. "यमुने! आली का वं? आपलावाल्याची नवी गाडी बनून राहिली म्हणते. पाह्य बरं, कोणतं इंजिन टाकून राहिले!"

काकू ताडकन उठल्या. "हो हो, आली!" अर्ध्या जिन्यावरूनच त्यांनी सुरुवात केली. "इंजिन बदलवलं म्हणते! आन् रंगबी!"